रुश्दीच्या पुढे

“या वाक्यावर मासे मिळायचे नाहीत.”

आश्लेषाने चमकून वर पाहिलं. बसमध्ये पुढच्या सीटवरचा मुलगा मागे वळून बघत होता. लोकरीच्या टोपीवरचा बर्फ वितळून एक थेंब त्याच्या भुवईवर येऊन थांबला होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

जानेवारीतली ॲन आर्बरची सकाळ होती. इअरफोन लावून ती कधीपासून एकच अरबी वाक्य घोकत होती... या माशाची किंमत किती आहे? शेवटी कंटाळून ती स्वतःशीच मराठीत पुटपुटली होती, की हे काही आपल्याला जमायचं नाही. ते त्याने ऐकलं होतं. आणि तिच्या मांडीवरचा अलेक्झांड्रियाचा नकाशाही पाहिला होता.

“का नाही मिळणार?” तिने विचारलं.

“पुस्तकातलं अरबी आहे ते. अलेक्झांड्रियाच्या बाजारात असं बोललात, तर कोळ्याला वाटेल टीव्हीवरची बातम्यांची बाई आली.”

ती हसली. मग त्याने तेच वाक्य म्हणून दाखवलं – अर्ध्या लांबीचं, शेवटी जरा हेल काढून, थेट घासाघीस सुरू करणारं. तिचा स्टॉप येऊन गेला. त्याचाही.

त्याचं नाव देवांग. गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहायचा. जन्म पुण्यातला, पण वडिलांना अलेक्झांड्रियातल्या एका कारखान्यात नोकरी लागली, आणि चौथ्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत तो त्या शहरात वाढला. आई-वडील आता टेक्सासला, फ्रिस्कोमध्ये असायचे. आश्लेषा नागपूरची. शहररचनेत पीएचडी करत होती, आणि तिचा विषय होता अलेक्झांड्रियाची दीडशे वर्षांहून जुनी ट्राम आणि त्या ट्रामच्या कडेने वाढत गेलेलं शहर. जूनमध्ये दहा आठवड्यांसाठी तिला तिकडे जायचं होतं. व्याकरण येत होतं. बोलता येत नव्हतं.

“शिकवाल?” असं तिने विचारलं, तेव्हा त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि हो म्हणाला.

मग दर शनिवारी सकाळी बाजाराजवळच्या एका लहानशा कॅफेत ते भेटू लागले. दुसऱ्या शनिवारी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. बाहेर रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढिगारे, काचेवर वाफ, आणि टेबलावर एक शहर हळूहळू उभं राहत होतं. त्याने तिला सांगितलं, की तिथले लोक हिवाळ्यातल्या वादळांना नावं देतात. नोव्हेंबरात येतं ते ‘झाडू’, कारण ते अख्खा समुद्रकिनारा झाडून काढतं. कैरोवाले ज्या वड्यांना तामिया म्हणतात त्यांना तिथे फलाफल म्हणायचं, नाहीतर दुकानदार आधी तुझं गाव विचारेल आणि मग देईल. हिरवी मिरची, लसूण घालून परतलेली कलेजी पावात भरून देतात, ती उभ्यानेच खायची. गच्चीगच्चीवर कबुतरांची लाकडी खुराडी असतात. रोमन काळातली तळघरातली थडगी बघायला पाहुणे आले की नेतात, एरवी कुणी फिरकत नाही. पण समुद्राच्या भिंतीवर मात्र रोज बसायचं असतं – काही काम नसलं तर नक्कीच.

“आणि एक,” तो म्हणाला. “आमच्याकडचे जुने लोक ‘मी जातो’ म्हणत नाहीत. एकटा असला तरी ‘आम्ही जातो’सारखं म्हणतात. कैरोचे लोक त्यावरून हसतात.”

“म्हणजे एकट्याने कॉफी प्यायलास तरी दोघांनी प्यायली?”

“तसंच काहीसं.”

“मग बिल तू दे,” ती म्हणाली. तो इतका वेळ हसत राहिला, की काउंटरवरची मुलगीही हसू लागली.

शनिवारी अभ्यासाला जायचं म्हणून आश्लेषा शुक्रवारी केस धुऊ लागली. तिच्याबरोबर राहणाऱ्या उर्वीने हे एकदा बोलून दाखवलं, तेव्हा तिने विषय बदलला.

ट्रामची स्टेशनं त्याला तोंडपाठ होती. अझरिता, शाटबी, कॅम्प शेझार, इब्राहिमिया, स्पोर्टिंग, क्लिओपात्रा, सिदी गाबर... तो बोटं टेबलावर ठेवत एकेक म्हणायचा, आणि ती त्याची बोटं बघायची. पण रुश्दी आलं की तो थांबायचा. मार्चमध्ये एकदा तिने विचारलं, की पुढची का नाही म्हणत?

त्याने कप बाजूला सारला. मग त्याने सांगितलं. पुढे ग्लीम. तिथे त्यांचं घर होतं. समोरच्या दारात तांत नवाल राहायच्या – तांत म्हणजे मावशीच. आई-बाबा दोघंही दिवसभर बाहेर. शाळेतून आला की तो त्यांच्याच स्वयंपाकघरात असायचा. दोन हजार अकरात शहरात उठाव झाला, रस्ते बंद झाले, आणि कंपनीने एका सकाळी सगळ्या कुटुंबांना तासाभरात निघायला सांगितलं. वाटेत खायला म्हणून तांत पावाच्या रांगेत उभ्या राहायला गेल्या. तो म्हणाला होता, तुम्ही येईपर्यंत मी दारातच थांबतो. गाडी आधी आली.

“त्यांचे फोन यायचे नंतर. मी घ्यायचोच नाही. काय बोलणार होतो? मग वर्षं गेली... आणि मग तर आणखीच कठीण झालं.”

“जूनमध्ये माझ्याबरोबर चल.”

“नाही.”

“मी रोज त्या स्टेशनवरून जाणार, देवांग. तुझ्या नकळत मी त्यांना शोधणार नाही. पण माहीत नसल्यासारखंही मला वागता येणार नाही.”

तो उठला. चिडला नव्हता; चेहरा मिटून घेतला होता फक्त. पुढचे तीन शनिवार तो आला नाही. ती मात्र गेली. दोन खुर्च्यांपैकी खिडकीकडची त्याची, म्हणून तीत बसली नाही. त्याला काय लिहावं ते दहा वेळा टाइप केलं आणि पुसलं. आपण नको तिथे हात घातला, असं तिला वाटत राहिलं; आणि बोललो ते खरंच होतं, असंही.

एप्रिलच्या मधल्या शनिवारी तो आला. पाऊस नुकताच थांबला होता, बूट चिखलाने भरले होते. बसता बसता त्याने सांगितलं, की आईकडून नंबर घेतला. आई इतकी वर्षं दर ईदला तांतशी बोलत होती, आणि तांत दर वेळी त्याची चौकशी करत होत्या. आईने हे त्याला कधी सांगितलं नाही, कारण त्याने कधी विचारलं नाही.

“आत्ता तिकडे संध्याकाळचे पाच वाजलेत,” तो म्हणाला. “तू इथेच बस. प्लीज.”

ते बाहेरच्या ओल्या बाकावर जाऊन बसले. त्याने नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला, स्पीकरवर. चौथ्या रिंगला एक जाडसर, म्हातारा आवाज आला. देवांगने नाव सांगितलं. लाइन चालू आहे ना, ते आश्लेषाने स्क्रीनवर बघितलं.

मग तांत म्हणाल्या, की त्या दिवशी बेकरीतून पाव गारच मिळाला होता. तू खाल्ला नसतासच.

देवांगने डोळ्यांवर मनगट दाबून धरलं. माफ करा, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. तांतनी थोडा वेळ ते ऐकून घेतलं, आणि मग पुरे म्हणाल्या. तुझं अरबी गंजलंय, म्हणाल्या. जेवतोस ना, विचारलं. आणि मग: एकटाच आहेस का तिथे?

“नाही. एक मुलगी आहे बरोबर.”

“कोण आहे ती?”

तो रस्त्याकडे बघत भराभर बोलला, एका दमात, अगदी तिथल्या बोलीत. माझं प्रेम आहे तिच्यावर, तांत.

“तिला माहीत आहे?”

“अजून नाही.”

आश्लेषाच्या कानशिलांशी ऊब चढली. तीन महिन्यांचे शनिवार होते ते. त्याच्या बोलण्यातला एकही शब्द निसटला नव्हता. ती फोनकडे वाकली.

“आना आरफा, या तांत,” ती हळूच म्हणाली. माहीत आहे मला, तांत.

देवांग दगडासारखा बसून राहिला. पलीकडे म्हातारी खोकेपर्यंत हसली. मग पुढची दहा मिनिटं दोघी बायकाच बोलत होत्या. आश्लेषा अडखळली की तांत वाक्य पुरं करायच्या, आणि जूनच्या पहिल्या शुक्रवारी दोघांनी जेवायला यायचं, हे त्यांनी विचारलं नाही, सांगितलं.

फोन बंद झाला. झाडांवरून अजून पाणी ठिबकत होतं.

“येतोस ना?” तिने विचारलं.

“येतो.” मग तिच्या हातातला फोन घेत, “ते जे मी म्हणालो... ते मराठीत सांगायचं होतं तुला. पण माझं मराठी आई-बाबांपुरतंच आहे गं. हे असलं काही कधी बोललोच नाही.”

“अवघड नाहीये. माझ्यामागून म्हण.” तिने नजर हटवली नाही. “मला तू खूप आवडतोस.”

“मला तू खूप आवडतोस,” तो घाबरून जसंच्या तसं म्हणाला.

“आवडतेस,” आश्लेषा म्हणाली.

“आवडतेस,” तो म्हणाला. आणि या वेळी ते तिने शिकवलेलं राहिलं नव्हतं.