खिशातली पाच कलमं

लॉन्ड्रीत एक नियम होता, आणि तो मावशीने चिवूला पहिल्याच दिवशी बजावून सांगितला होता. खिशात जे सापडेल ते पाकिटात घालायचं, पाकिटावर कपड्याचा नंबर टाकायचा, आणि वाचायचं नाही. "लोक आपल्याकडे कपडे देतात, चिवे, मनातल्या गोष्टी नाही!"

चिवूने दोन वर्षं हा नियम इमानाने पाळला. मोडला तो एका राखाडी शर्टापायी.

शर्ट लिफ्टवाल्याचा. आसपासच्या इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करणारा हा उंच, लाजरा तरुण दर मंगळवारी पाचच्या ठोक्याला यायचा, एकच शर्ट घेऊन. शर्ट आधीच इतका स्वच्छ, की त्याला पाणी दाखवायचीही गरज नाही.

"धुऊन इस्त्री?" चिवू मुद्दाम विचारायची.

"हो... म्हणजे... तुम्हाला योग्य वाटेल ते."

"मला तर तुम्ही हा असाच घालून जावं असं वाटतं."

यावर तो लाल व्हायचा, डावा पाय हलवत राहायचा आणि "गुरुवारी मिळेल ना?" एवढं विचारून पसार व्हायचा.

एका मंगळवारी त्या शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद पडला. पडताना उघडला म्हणावं, तर तसंही नाही. चिवूनेच उघडला.

१. हवेबद्दल बोलायचं नाही.
२. नाव विचारायचं.
३. हसायचं, पण फार नाही.
४. पाय हलवायचा नाही.
५. नाही जमलं, तर पुढच्या मंगळवारी.

चिवू इतकी हसली, की मावशीने आतून "काय गं?" म्हणून विचारलं. "काही नाही!" म्हणत तिने कागद पाकिटात घातला. त्याआधी मात्र पाचही कलमं पावतीपुस्तकाच्या मागे उतरवून घेतली. अहो, मोह काय सांगून येतो?

त्याचं असं झालं होतं, की चिवूला छोटे लेख लिहायचे होते. दर रविवारी ती लेखनवर्गाला जायची. आतापर्यंत तिने तीन लेख लिहिले होते – वेळेचं महत्त्व, निसर्ग आणि आईची माया. तिन्ही लेख बाईंनी परत केले होते.

"हे सगळं तू पाठ केलेलं आहेस," बाई म्हणाल्या होत्या. "तीनशे शब्द लिही. एक माणूस, एक वस्तू. काउंटरवर बसतेस ना? मग समोर बघ की!"

चिवूने समोर बघितलं आणि एका बैठकीत लेख लिहून काढला. नाव दिलं 'पाच कलमी नवरदेव'. दर मंगळवारी शर्ट कडक करून मुलगी पटवायला जाणारा आणि दर वेळी हात हलवत परत येणारा एक माणूस. पाय हलवणं होतं, कलमं तर जशीच्या तशी होती. बाईंना कागद खिशातला आहे हे काय ठाऊक? त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि लेख सगळ्या वस्तीत वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकाला पाठवून दिला.

बुधवारी तो छापून आला. खाली चिवूचं खरं नाव, पूर्ण! तिने कात्रण काउंटरमागच्या भिंतीवर चिकटवलं आणि दिवसभर तिचे पाय जमिनीला लागले नाहीत.

संध्याकाळी मावशीने चष्मा लावून लेख वाचला. हसली नाही.

"ही कलमं खिशातली आहेत?"

चिवूने मान डोलावली.

"मंगळवारी कुठे जातो म्हणालीस तो?"

"असेल ना कुणीतरी मुलगी... मला काय माहीत?"

"अगं बावळट मुली, मंगळवारी पाच वाजता तो कुठे असतो?"

चिवूच्या हातातला हँगर खाली पडला. मंगळवारी पाच वाजता तो इथे असतो. या काउंटरपाशी. पाय हलवत, नाव विचारायचं धैर्य गोळा करत! बाईंनी समोर बघ म्हटलं, हिने बघितलं, आणि नेमकी स्वतःलाच बघायची विसरली.

गुरुवारी तो शर्ट न्यायला आला नाही. शुक्रवारी एका गिऱ्हाइकाने हसत हसत सांगितलं, की लिफ्टवाल्याच्या सोबत्यांनी पाय हलवण्यावरून त्याला ओळखलं, आणि आता "काय रे, आज कितवं कलम?" असं सगळे विचारतात. चिवूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने भिंतीवरचं कात्रण फाडून टाकलं. चिकटवलेले चारही कोपरे मात्र भिंतीवर तसेच राहिले.

रविवारी तिने बाईंना सगळं सांगून टाकलं. "मी माफीचा लेख लिहू का?"

बाईंनी हातातली वही मिटली. "हसले मीही, तेव्हा चूक थोडी माझीही. पण माफी छापून मागू नकोस. पुन्हा त्याचाच लेख होईल. समोर जा."

मंगळवारचे पाच वाजले, सव्वापाच झाले. दार उघडलं की चिवू दचकून बघायची. शेवटी मावशीच म्हणाली, "तो येत नाही, तर तू जा. शर्ट पोहोचव."

तो काम करत होता त्या इमारतीची लिफ्ट अर्थातच बंद होती. पाच मजले चढून चिवू पोहोचली, तेव्हा तो तारांच्या गुंत्यापाशी बसला होता. तिला बघून उठला नाही.

"पावती नाही माझ्याकडे."

"नको पावती. खिसा... खिसा बघा."

"खिशातलं वाचत नाहीत ना तुमच्याकडे?"

असं त्याने अगदी हळू विचारलं. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं चिवूला वाटलं.

"या खिशातलं मी लिहिलंय, तुमच्यासाठी," ती कशीबशी म्हणाली.

त्याने हात पुसले आणि शर्टाच्या खिशातला कागद उघडला.

१. माफी मागायची.
२. कारणं द्यायची नाहीत.
३. रडायचं नाही.
४. मीही मंगळवारची वाट बघते, हे सांगायचं.
५. नाही म्हणाले, तर शर्ट देऊन निमूट खाली यायचं.

"तिसरं मोडलंत," तो कागदावरून नजर न काढता म्हणाला.

चिवूने ओढणीने डोळे पुसले. "चुकलंच माझं. फार चुकलं."

"लोक हसले, त्याचं मला काही नाही हो. पण वाटलं... इतके मंगळवार आलो, आणि तुम्हाला एवढंच दिसलं."

कारणं द्यायची नाहीत, हे तिनेच लिहिलेलं होतं. ती शर्ट रेलिंगवर अडकवून वळली. दोन पायऱ्या उतरली, तिसरी...

"चौथं खरं आहे?"

ती थांबली. "आजही सव्वापाचपर्यंत दाराकडेच बघत होते."

तो उठला. डावा पाय हलायला लागला होता.

"तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. लेखाखाली वाचलं मी."

"वाचलेलं धरायचं नाही," चिवू रडता रडता हसली. "विचारा."

त्याने विचारलं. तिने सांगितलं. पुढचं कलम कुणाच्याच कागदावर नव्हतं.

"आज... फार उकडतंय, नाही?" तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

"हो ना," चिवू त्या दोन पायऱ्या परत चढत म्हणाली. "कालच्यापेक्षा जास्तच."