भुरीच्या पोटावरचे केस

भुरी मांजरीला टोपलीत घालून आम्ही कल्याणला गुरांच्या डॉक्टरकडे निघालो, ते साल त्रेपन्न असावं. लग्न होऊन अंबरनाथच्या चाळीत आले त्याला तीन महिने झाले होते. मला ताप भरला तेव्हा ह्यांना कारखान्यातून रजा मिळाली नव्हती. मांजरीसाठी मिळाली, तुला सांगते.

भुरी विठाची. विठा म्हणजे ह्यांची पहिली बायको, बाळंतपणात गेलेली. आमच्यात दुसरेपणाची बायको गळ्यात सवतीचा टाक घालते, नखाएवढ्या चांदीच्या पत्र्यावर उठवलेली तिची मूर्ती. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. पंधरा दिवस मी ते केलं. मग जळफळाट झाला, टाक काढून तांदळाच्या डब्यात पुरला. ह्यांना कळलंही नाही. माझ्याकडे बघत होतेच कुठे? पहिला घास भुरीला, आणि "ये गं" ही मऊ हाकही तिलाच.

त्याच आठवड्यात भुरीचं पोट उघडं पडू लागलं.

डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं. "खरूज नाही, उवा नाहीत. केस मुळातून गळलेले नाहीत, तुटलेत. मांजराच्या जिभेला काटे असतात, ही स्वतःच चाटून काढतेय. घरातलं माणूस बदललं की काही मांजरं असं करतात."

परतताना हे एवढंच म्हणाले, "तू काय करतेस गं तिला?"

ते मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी भुरीच्या पोटाला जुन्या धोतराची पट्टी घट्ट गुंडाळली. म्हटलं, चाट आता. भर दुपार, चाळ सामसूम. थोड्या वेळानं आवाज आला... खर्र... खर्र...

भुरी समोरच बसली होती. तोंड मिटलेलं. नुसती थरथरत होती. आवाज येतच होता, आणि पट्टीला ओल चढत होती. मी बोट लावलं. ओल कोमट होती.

मी दारात धावले. शेजारच्या रखमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गला रिकामा का गो तुजा?... टाक घाल पोरी. आधी घाल."

मेलेलीपुढे मी वाकणार नव्हते. संध्याकाळी टाक वालधुनी नदीत फेकून आले.

आवाज थांबला. पंधरा दिवसांत भुरीच्या पोटावर मऊ लव आली. मी जिंकले म्हणून घरात शिरा केला.

त्या रविवारी जेवून हे भिंतीकडे तोंड करून झोपले. भुरी माझ्या पायाशी होती, त्यांच्याकडे टक लावून. मग तो आवाज... खर्र... खर्र...

मी वाकून पाहिलं. ह्यांचा हात भिंतीकडे पसरला होता. मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नव्हता, कातडी ओली, लालसर.

आणि हे झोपेत हसत होते. लग्न झाल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.