सुधाकरकाकांचा अर्धा डाव

"काका! आम्ही आत आहोत!"

रेवतीनं दारावर धडाधड बुक्के मारले. पण अरेरा कॉलोनीतल्या मराठी मंडळाचे सचिव सुधाकरकाका ऑफिसला कुलूप ठोकून जेवायला पसार झाले होते. आत कोणी आहे का, हे बघायची तसदी कोण घेतो!

"आता बसा बोंबलत!" तिचा मावसभाऊ यश म्हणाला. "खिडकीला गज, मोबाइल घरी. संध्याकाळचं बाहुलीनाट्य गया!"

रेवतीला रडू यायला लागलं. नाटकाचं निवेदन तिच्या आवाजात होतं. ते रेकॉर्डिंग दोनदा गायब झालं होतं आणि काकांनी चारचौघांत तिलाच दोषी ठरवलं होतं. "पुन्हा उडालं तर हिला नाटकातून काढा!" तिसरं रेकॉर्डिंग तिनं आत्ताच केलं होतं.

मंडळाच्या कॉम्प्युटरवर दोन सिस्टीम होत्या. काकांची विंडोज आणि मुलांची लिनक्स. दोघींना उघडता येईल असा हार्ड डिस्कवर एक सामाईक कप्पा होता. रेकॉर्डिंग त्यातच ठेवायचं, असा काकांचा हुकूम.

"यश, दोन्ही वेळा काकांनी विंडोज चालू केल्यावरच फाइल उडाली. आपणच करून बघू."

"पागल आहेस का? उडाली तर?"

"एक कॉपी लिनक्सच्या स्वतःच्या कप्प्यात ठेवते. तिथे विंडोज पोचत नाही."

कॉपी ठेवून तिनं विंडोज सुरू केली. पडद्यावर थेट पत्त्यांचा डाव! अर्धा खेळलेला!

"काका कॉम्प्युटर बंद करतच नाहीत!" रेवती ओरडली. "डाव मोडू नये म्हणून नुसतं हायबरनेट करतात, म्हणजे आहे तसा झोपवतात! झोपलेल्या विंडोजला कप्पा जुनाच आठवतो. मधे आपण ठेवलेली फाइल तिला माहीतच नाही. जागी झाली की जुन्या आठवणीवरून लिहायला लागते, आणि आपली फाइल खलास!"

सामाईक कप्प्यात रेकॉर्डिंग खरंच नव्हतं. रेवती आनंदानं हसली. मग तिची नजर खिडकीकडे गेली. बाहेर चिटपाखरू नव्हतं. मे महिन्याच्या उकाड्यात घसा कोरडा पडला होता. हे सगळं सांगायचं कुणाला?

"हॉलचे स्पीकर! याच कॉम्प्युटरला जोडलेत ना!" ती एकदम म्हणाली. तिनं विंडोज पुरती बंद केली, लिनक्समधली कॉपी उघडली आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला.

"नमस्कार, मंडळी!" रेवतीचा आवाज गल्लीभर दणाणला.

समोरच राहणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षा शोभामावशी धावत आल्या. मागून उष्ट्या हातानं काका. कुलूप उघडलं, आणि कॉम्प्युटरवर लिनक्स बघताच काका कळवळले, "विंडोज का बंद केली? माझा डाव मोडला ना! जिंकत होतो मी!"

"कसला डाव?" मावशींनी विचारलं.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. रेवतीनं सगळं सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सुधाकरराव, पोरीला बोललात चारचौघांत. माफीही चारचौघांतच मागा."

त्या संध्याकाळी पडदा उघडण्याआधी काका भरल्या हॉलपुढे उभे राहिले. "चूक माझी होती. नाटक वाचवलं ते रेवतीनं," ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशींनी पाठ थोपटली, तेव्हा दुपारभर दाबून धरलेलं रडू रेवतीला अखेर फुटलं.