खो मिळेपर्यंत

सोनल काळेलचा डावा पाय मंगळवारी आणि शुक्रवारी हलत असे. उरलेल्या पाच दिवशी तो हलत नसे.

मिरजेच्या क्रीडा-पुनर्वसन केंद्रात डॉ. फरीदा मुल्ला यांनी हे सलग पाच आठवडे नोंदवले होते. खो-खोच्या सामन्यात खांबावर आदळून सोनलचा मणका कंबरेच्या वर मोडला होता. तिथे आता नखाएवढा ‘कणासेतू’ बसवला होता. मेंदूकडून आलेली आज्ञा मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी वाचायची आणि खालच्या टोकाला पोहोचवायची, एवढेच त्याचे काम. सेतू बसवल्यापासून बाराव्या आठवड्यात केंद्राची समिती तपासणी करी. रुग्णाला स्वेच्छेने पाय हलवता आला नाही, तर जंतुसंसर्गाच्या भीतीने सेतू काढून टाकला जाई. सोनलचा हा अकरावा आठवडा होता.

“समितीला वार सांगून चालणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

“मग मंगळवारीच बोलवा की त्यांना,” सोनल म्हणाली.

औषधे रोज तीच होती, व्यायामही तेच. फरक एकच होता: त्या दोन दिवशी फलटणहून तिचे प्रशिक्षक खरात सर येत.

“माझ्या धाकानं हलतो,” सर म्हणाले.

“धाक मोजता येत नाही,” म्हणत डॉक्टरांनी त्या शुक्रवारी सरांना सोनलच्या समोर बसवले. पाय हलला नाही. चाकाच्या खुर्चीमागे उभे केले, हलला. मागेच, पण हात खिशात ठेवायला लावले, हलला नाही.

“हातांनी काय करता?”

“काही नाही हो. पाठीवर जरा थाप देतो. सवय.”

डॉक्टरांनी स्वतः तिच्या खांद्याखाली थाप दिली. पाय हलला.

“म्हणजे पाय थापेचा,” सोनल म्हणाली. “माझा नाहीच.”

“तसे असेल तर सेतू काढावा लागेल,” डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी सेतूच्या नोंदी उघडल्या. ‘उचल’ म्हटल्यावर आज्ञा रोज निघत होती, रविवारीसुद्धा. मात्र सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात तिच्यामागून दुसरी आज्ञा येई: थांब. सेतू दोन्ही इमानाने पोहोचवत होता. थाप पडली की दुसरी आज्ञा येत नसे.

“उचलणारी तूच आणि थांबवणारीही तूच. का थांबतेस?”

“मी कुठं थांबते?” सोनल म्हणाली. मग तिची नजर सरांकडे गेली. “नऊ वर्षांची असल्यापासून चौकोनात बसतेय, मॅडम. मागून खो मिळायच्या आत उठलं, की फाउल.”

“आणि फाउलला मैदानाच्या दहा फेऱ्या,” सर पुटपुटले. “मीच लावायचो.”

डॉक्टरांनी विचारले, “पळणारीला खो लागतो?”

“तिला कोण देणार? ती आपली आपण पळते.”

“मग आता तू पळणारी. सर, हिला बाद करायला या. स्पर्श मात्र करू नका.”

दाराशी जाऊन सर वळले, कमरेत वाकले आणि हात पुढे करून समोरून धावत आले. “आलो गं, सोने!”

डावे पाऊल पायटेकणीवरून दोन बोटे बाजूला सरकले. पाठीवर कोणाचाही हात नव्हता.

सर जागीच थबकले. “निसटली,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी समितीसाठी लिहिले: ‘दोष सेतूत नाही, मज्जारज्जूतही नाही. चौदा वर्षे अंगी बाणलेला नियम रुग्ण पाळत होती: खो मिळेपर्यंत उठायचे नाही.’