कुणाच्या नावचा घास

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि मनातल्या मनात एक चित्र काढा. तुमचं पोट लहान झालं आहे, अगदी केळ्याएवढं. त्यात आठ घास मावतात, नवव्याला जागा नाही. समोर ताट आहे, ताटात गरम बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची आमटी... आणि ताटापलीकडे तुमची आई बसली आहे, नववा घास हातात धरून, डोळ्यांत पाणी आणून. तुम्ही काय कराल? थांबा, उत्तराची घाई नको. आधी सांगवीच्या कुशाबाईंची गोष्ट ऐका, कारण तो नववा घास त्यांच्याच हातात होता.

त्या रविवारी दुपारी स्वयंपाकघरात आजी आणि नात दोघीच जेवत होत्या. कुशाबाईंनी दाराकडे पाहिलं, आपल्या ताटातली भाकरी उचलली आणि हळूच नऊ वर्षांच्या वैदेहीच्या ताटात सरकवली.

"आज्जी, माझी दुसरीच संपली नाही अजून."

"ही माझ्या नावची हाय, सोन्या. खा. आणि पप्पाला सांगायचं न्हाय."

"मग लाडू?"

"देती की. मी कवा न्हाय म्हणले?"

वैदेहीनं सुस्कारा सोडला आणि कमरेशी रुतणारा फ्रॉक सैल करत ती पुन्हा जेवायला लागली. कुशाबाईंनी मात्र वाटीतलं कालवलेलं मुगाचं वरण चमच्यानं चाटलं, आठ चमचे, अगदी मोजून आठ, आणि हात धुतला. पदर सावरायला हात वर केला, तशा बांगड्या मनगटावरून घरंगळत थेट कोपरापर्यंत गेल्या.

हे असं का चाललं होतं, ते कळायला आपल्याला बरंच मागं जावं लागेल.

कुशाबाईंचा मुलगा दीपक पाच वर्षांचा होता, तेव्हा त्याचे अण्णा, म्हणजे वडील नीळकंठराव, अचानक गेले. कोवळ्या पोराला काय कळलं, काय नाही, देव जाणे, पण त्यानं तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी कुशाबाईंनी दुधात भाकरी कुस्करली आणि हुंदका गिळून म्हणाल्या, "हा घास अण्णांच्या नावचा." पोरानं तोंड उघडलं! त्या एका घासानं त्या माउलीच्या अंतःकरणात जो दिवा लागला, तो पुढं तेहेतीस वर्षं विझला नाही. अण्णांच्या नावचा झाला, मग आजोबांच्या नावचा, मग निमगाव केतकीच्या दत्तोबामामाचा, मग मामीचा, कऱ्हाटीच्या आत्याचा, आत्याच्या दोन्ही दिरांचा... गोतावळा मोठा, आणि एकाचं नाव घेऊन दुसऱ्याचं गाळायचं म्हणजे त्याचा अपमान. गोठ्यातल्या म्हशीच्या नावचासुद्धा एक घास असे. पुढं म्हैस विकली, त्याला वीस वर्षं झाली, पण तिचा घास काही बंद झाला नाही.

अडतिसाव्या वर्षी दीपक एकशे अडतीस किलोचा झाला. बारामतीला डेअरीच्या कार्यालयात त्याच्यासाठी लोखंडी खुर्ची मागवावी लागली. शुगर वाढली, जिना चढताना धाप लागू लागली, आणि झोपेत श्वास असा अडकायचा की शेजारी त्याची बायको रेश्मा उठून बसायची. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून पोटाचा मोठा भाग काढून टाकला. कुशाबाईंनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, "काढलेलं पोट जपून ठिवता न्हवं? पुढं लागलं तर?"

ऑपरेशननंतर आधी नुसतं पाणी, मग ताक, मग वरणाची निवळ, मग कालवलेलं वरण. रेश्मानं कागदावर सगळं लिहून फ्रिजवर चिकटवलं. रेश्मा कऱ्हाटीच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे अक्षर मोठं आणि खाली दोन रेघा. सावकाश खाणे. चावून खाणे. जेवताना पाणी नको. पोट भरले की थांबणे. कुशाबाईंना यातलं आधीचं सगळं पटलं. लेकरू पुन्हा तान्हं झालं असं समजून त्या वरण इतकं घोटायच्या की चमचा उभा केला तर आडवा पडावा. शेवटची ओळ मात्र त्यांना कधी उमगलीच नाही. पोट भरलं की थांबायचं, तर मग नावं कुणाची गाळायची?

दीड महिन्यानं निमगावला दत्तोबामामाच्या नातीचा, आसावरीचा साखरपुडा होता. दीपकनं आठ घास मऊ वरणभात खाल्ला आणि पान बाजूला सरकवलं. सगळी पंगत त्याच्याकडे बघत होती. कुणी म्हणालं आजारी दिसतो, कुणी म्हणालं वाळला बिचारा... कुशाबाईंच्या काळजाचं पाणी झालं. त्यांनी पुरीचा तुकडा पुढं केला. "एवढा एकच, दीपक. माझ्या नावचा." आईचं मन मोडवेना म्हणून दीपकनं तो न चावताच गिळला. तो छातीत अडकला. दीपक घामानं भिजला, उठला, मांडवाबाहेर धावला, आणि जे व्हायचं ते नवरदेवाच्या काकांच्या कोऱ्या करकरीत चपलांवर झालं.

त्या दिवसापासून दीपक भाकरी बघितली की तोंड फिरवायचा. बाहेरच्या खोलीत एकटा बसून घोटलेलं वरण खायचा, आई समोर आली की वाटी पदराआड धरावी तशी हाताआड धरायचा. कुशाबाई मनात म्हणायच्या, माझ्याच हातानं माझ्या लेकराच्या जिवावर उठले! आणि एका सकाळी देवघरासमोर उभं राहून त्यांनी नेम धरला: जोवर दीपक माझ्या हातची भाकरी खात न्हाय, तोवर तो खाईल तेवढंच मी खाईन, त्यापरीस एक चमचा जास्त न्हाय.

नेम गुपित ठेवायचा म्हणजे ताट तर वाढून घ्यायलाच हवं, आणि वाढलेलं टाकायचं पाप करायचं नाही. मग ती भाकरी जाणार कुठं? नातीच्या ताटात.

असे दीड महिने गेले. शेजारच्या साखरबाई कुंपणावरून बघून एकदा म्हणाल्या, "कुशाबाई, ऑपरेशन नक्की कुणाचं झालं? लेकाचं का तुमचं?" कुशाबाई नुसत्या हसल्या. साखरबाईंनी त्या हसण्याचा आपल्याला हवा तसा अर्थ लावला आणि निमगावला फोन केला.

म्हणून त्या रविवारी लाडवाचा सौदा ठरतो न ठरतो, तोच बाहेरच्या खोलीत दत्तोबामामाचा आवाज घुमला. वय पंचाहत्तर, आवाज पंचवीस. काखेत आपल्या पानमळ्यातल्या विड्याच्या पानांची जुडी होती. रेश्मानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"या घरचं पाणी नगं मला," मामा म्हणाले. "आधी सांग, माझ्या बहिणीला जेवाय का देत न्हाईस?"

रेश्मानं तांब्या खाली ठेवला. "मी? मामा, मी शाळेतून येते तर सासूबाईच मला वाढतात."

"मग वाढणारीच वाळली, हे कसं?"

दीपक वाटी ठेवून उठला. मामा तोवर स्वयंपाकघरात शिरले होते. त्यांनी कुशाबाईंचं मनगट धरून सगळ्यांना दाखवलं, आणि सैल झालेल्या बांगड्या खळकन कोपराकडे गेल्या. रेश्मा दाराच्या चौकटीला टेकली. तिचे डोळे भरून आले होते. कुशाबाईंच्या मनात कल्लोळ उठला. बोलावं तर नेम उघडा पडतो आणि लेकराच्या जिवाला घोर लागतो. न बोलावं तर ही गुणाची पोर, आपल्यासाठी रोज गोळ्या काढून ठेवणारी, जगात वाईट ठरते...

"दादा, तिला काय बोलू नगं. मला भूकच लागत न्हाय."

"खोटं," वैदेही म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"आज्जीला भूक लागते. पोटातून आवाज येतो तिच्या, मी ऐकलाय. पण ती पप्पांएवढंच जेवते. देवाला सांगितलंय तिनं. तिची भाकरी मी खाते, आणि कुणाला सांगितलं नाही तर लाडू मिळतो." ती क्षणभर थांबली. "आता नाही मिळणार ना?"

कुणीच हसलं नाही. दीपक खाली बसला. आधी त्यानं आईच्या मनगटाकडे पाहिलं, मग लेकीच्या ताटाकडे.

"वैदू, ही तिसरी कुणाच्या नावची?"

"आज्जीच्या."

"आणि ही उरलेली दुसरी?"

"अर्धी कऱ्हाटीच्या आत्याआजीची होती, ती खाल्ली. ही अर्धी म्हशीची."

दीपकनं डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "आई, मला भाकरी चालती. डॉक्टरांनी महिन्यामागंच सांगितलंय. मऊ, थोडी, चावून. मीच घरात बोललो न्हाय."

कुशाबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हंजी... का रं?"

"भ्यालो."

"माझ्या हाताला भ्यालास व्हय?"

"तुझ्या हाताला कशाला भिऊ? नावांना भ्यालो. एक घास घेतला की मागनं सगळी रांग येणार. त्या रांगेला आता माझ्यात जागा न्हाय, आई. आणि तुला न्हाय म्हणायला मला कुठं येतंय?"

कुशाबाई पदर तोंडाला लावून रडू लागल्या. "तुझे अण्णा गेले तवा तू तोंड उघडंना," त्या म्हणाल्या. "त्या भ्यानं मी पुन्हा तुझं तोंड मिटूच दिलं न्हाय रं..."

मामा खाकरले. त्यांनी पानांची जुडी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "म्हंजी सूनबाईचा काय दोष न्हाय तर."

"न्हाय," कुशाबाई म्हणाल्या.

"मग साखरबाईचा हाय." ते रेश्माकडे वळले आणि खाली बघत म्हणाले, "चुकलं माझं, पोरी. आण ते पाणी. लांबनं आलोय."

रेश्मानं डोळे पुसले आणि तांब्या दिला. "मामा, पाण्याबरोबर गूळ देऊ, का तोही या घरचा नको?"

"दे, दे. रागावलीस ते बरं केलंस."

मग कुशाबाईंनी तवा ठेवला. दीड महिन्यांनी त्यांच्या थापण्याला पहिल्यासारखा नाद आला. लहानशी मऊ भाकरी झाली, तिचे वरणात भिजवून आठ घास केले, आणि इथंच घोळ झाला.

"पहिला मामाचा," दत्तोबा म्हणाले. "तो कायमचाच हाय."

"पहिला अण्णांचा असतो, दादा. तुझा तिसरा."

"कऱ्हाटीच्या आत्यांना गाळाल तर त्या वर्षभर बोलणार नाहीत," रेश्मा म्हणाली.

"आणि म्हशीचा?" वैदेहीनं विचारलं.

कुशाबाई बोटांवर मोजत होत्या. एकतीस नावं आणि घास आठ. त्यांनी पुन्हा मोजलं. एकतीसच.

"आज्जी," वैदेही म्हणाली, "यातला पप्पांच्या नावचा कुठला?"

कुशाबाईंची बोटं थांबली. तेहेतीस वर्षं... दिवसातून दोनदा... आणि त्या सगळ्या घासांत दीपकच्या नावचा एकही नव्हता! म्हशीचा होता. लेकराचा नव्हता.

त्यांनी एक घास उचलला. सवयीनं हात लेकाच्या तोंडाकडे निघाला, अर्ध्यात थांबला, आणि त्यांनी तो घास त्याच्या ताटात ठेवला. "हा तुझ्या नावचा," त्या म्हणाल्या. "तुला वाटला तर खा."

दीपकनं तो आपल्या हातानं तोंडात घातला आणि चावू लागला. मामा ओठांतल्या ओठांत मोजत होते, "अठरा... एकोणीस... वीस..."

"मामा, मोजू नका. हसू आलं तर ठसका लागंल," दीपक घास गालात धरून म्हणाला.

घास खाली उतरला. सगळे त्याच्या छातीकडे बघत बसले, जशी काही तिथं खिडकी होती. काही झालं नाही. दुसरा गेला. तिसरा गेला. सहाव्यानंतर दीपकनं ताटावर हात आडवा धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा आईच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "पुरे, आई. पोट भरलं."

सातवा घास कुशाबाईंच्या हातात होता. ओठांवर एक नाव येऊन उभं होतं... त्यांनी ते नाव गिळलं आणि घास वाटीत परत ठेवला. "बरं," एवढंच म्हणाल्या. त्या एका शब्दाला त्यांना किती बळ लागलं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

वैदेही हे सगळं डोळे विस्फारून बघत होती. पप्पा पुरे म्हणाले आणि आज्जी बरं म्हणाली? असं होतं? तिनं सावकाश आपले दोन्ही तळवे ताटावर पसरले.

"आज्जी, पुरे."

"बरं."

वैदेहीनं एक बोट उचलून फटीतून आजीकडे पाहिलं. आजी खरंच काही वाढत नव्हती. मग ती उठली. तिसरी भाकरी उचलून तिनं आजीच्या रिकाम्या ताटात ठेवली आणि म्हणाली, "ही तुझ्या नावची आहे. तूच खायची." कुशाबाईंनी त्या गार भाकरीचा तुकडा मोडला. दीपकनं आमटीची वाटी त्यांच्यापुढं सरकवली.

मग वैदेहीनं ताटात उरलेली अर्धी भाकरी घेतली, ती दत्तोबामामाच्या हातावर ठेवली, "आबा, ही म्हशीची," असं सांगितलं, आणि फ्रॉकला हात पुसत अंगणात खेळायला पळाली.