ऐकलंय, तिथेच थांब

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर महिन्याकाठी दोन-तीन फोन येतातच, "बायकांच्या सहली परत कधी सुरू करताय?" मी "बघू" म्हणते आणि ठेवून देते. तुम्ही घरापर्यंत आलात, तर बसा. खिडकी तेवढी लावून घेते.

सहली माझ्या नणंदेने सुरू केल्या. मी त्यांना वन्सं म्हणायचे. ज्या बायका जन्मात कधी पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढल्या नाहीत की तंबूत झोपल्या नाहीत, त्यांना दोन दिवस घेऊन जायचं. सॅक कशी भरायची, बुटाची नाडी कशी बांधायची, स्टोव्ह कसा पेटवायचा, उघड्यावर आडोशाला कसं जायचं, सगळं शिकवायचं. त्या शेवटच्या विषयातच अर्धा दिवस जायचा, आणि तोवर अनोळखी बायका मैत्रिणी झालेल्या असायच्या.

माझे यजमान, म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ, गेले तेव्हा मी चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. एके सकाळी वन्सं आल्या, माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलं आणि पायाशी नवे बूट आपटले. "वहिनी, रडायचं तर चालता चालता रड. ऊठ." मी उठले. पुढची तीन वर्षं त्यांच्याबरोबर चालले. त्या सगळ्यांत पुढे, मी सगळ्यांत मागे. मागचं माणूस म्हणजे कोणी रेंगाळलं, कोणाचा पाय मुरगळला, तर तिच्याबरोबर थांबणारं. ते नसेल तर निघायचं नाही, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम शिट्टीचा. तो मी सांगायचे. प्रत्येकीच्या गळ्यात एक शिट्टी. वाट चुकली तर आहे तिथेच बसायचं, सॅक मांडीवर घ्यायची आणि तीनदा वाजवायची. आम्ही एकदा वाजवून उत्तर देऊ. एक शिट्टी म्हणजे, ऐकलंय, तिथेच थांब. मग काहीही झालं तरी हलायचं नाही.

गेल्या वर्षी सहलीच्या आदल्या आठवड्यात मी जिन्यावरून पडले आणि घोटा मोडला. वन्संनी सहल रद्द केली नाही. पाच बायकांना घेऊन एकट्या गेल्या. परत आल्या चारच.

जी आली नाही ती एका शाळेची ग्रंथपाल होती. चाळिशीची, लग्न न केलेली, आईबरोबर राहणारी. वन्सं म्हणाल्या, ती सकाळीच हट्टाने नदीकडे उतरली, मी नको नको म्हणत असताना. शोधपथकाने चार दिवस नदीकाठ पिंजून काढला. काही मिळालं नाही.

तिच्या आईशी मी बोलायचे. वन्सं म्हणाल्या, "तुझा आवाज मऊ आहे गं, तूच बोल." म्हातारी दर महिन्याला फोन करायची आणि मी दर महिन्याला तेच सांगायचे. तुमची मुलगी कोणाचं न ऐकता निघून गेली. ती म्हणायची, "ती तशी नव्हती हो." आणि फोन ठेवायची.

माझा वन्संवर इतका विश्वास होता की मनात शंकेला जागाच नव्हती.

यंदा सहा बायका होत्या. नेहमीच्या वरच्या वाटेवर दरड आली होती. वनखात्याच्या चौकीवरचा माणूस म्हणाला, कड्याखालून जाणारी जुनी वाट आहे, तिने जा, उलट तासभर वाचेल. वन्सं तिथे कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या.

"परत जाऊ या," त्या म्हणाल्या. "मला ढगांची लक्षणं बरी दिसत नाहीत."

आभाळ निरभ्र होतं. बायकांचे चेहरे पडले. एक शिवणकाम करणारी होती, ती म्हणाली, "मी सासूला तोंड वर करून सांगून आलेय हो, की तंबूत झोपूनच येईन." सगळ्या हसल्या. मीही गळ घातली. "चला ना वन्सं, सोपी तर वाट आहे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला तेव्हा कळली नाही.

दुपारी एकच्या सुमाराला धुकं आलं. दरीतून वर चढत, हळूहळू, दूध उतू जावं तसं. दहा मिनिटांत पुढच्या बाईची सॅक तेवढी दिसत होती, बाई दिसत नव्हती. ओल्या पाल्याचा वास, बुटांखाली कुजलेली पानं. पक्ष्यांचे आवाजही थांबले. मी सगळ्यांना एकमेकींच्या सॅकचा पट्टा धरायला लावला.

तेव्हा ती ऐकू आली. खालून, डाव्या अंगाने. तीन शिट्ट्या.

मी रांगेच्या कडेने पटकन पुढे जात मोजलं. एक, दोन... सहा. सगळ्या होत्या. सहाही जणींचे हात आपापल्या गळ्याशी गेले होते.

"पक्षी आहे," वन्सं पुढून म्हणाल्या. मागे वळल्या नाहीत. "चला."

पुन्हा तीन. सावकाश, समान अंतराने, शिकवल्यासारख्या.

"ताई, तुम्हीच सांगितलंत ना," शिवणवाली माझ्या कानाशी कुजबुजली, "तीन म्हणजे..."

माझा हात आपोआप शिट्टीकडे गेला. मी एकदा वाजवली.

धुक्यातून वन्सं धावत आल्या. माझं मनगट इतकं आवळलं की बोटांचे वळ उठले. "उत्तर देऊ नकोस! उत्तर दिलं की ती..."

त्या थांबल्या. त्यांचा श्वास माझ्या तोंडावर येत होता.

"ती कोण, वन्सं?"

मी बायकांना कड्याला पाठ लावून बसवलं आणि वन्संना दहा पावलं बाजूला नेलं. खालून पुन्हा तीन शिट्ट्या आल्या. वन्संनी दोन्ही कान झाकले.

"गेल्या वर्षी याच वाटेने आणलं होतं मी त्या पाचजणींना," त्या म्हणाल्या. "निघायला उशीर झाला होता. परवानगी वरच्या वाटेची होती. मागे कोणी नव्हतं... तू नव्हतीस. ती मागे राहिली, कळलंच नाही. मग तिने वाजवली."

"आणि तुम्ही?"

"मी उत्तर दिलं." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "एकदा. म्हटलं, बाकीच्यांना तंबूत पोचवते आणि येते. अंधार पडला गं. मी आले होते थोडी, पण पाय पुढे पडेना. ती रात्रभर वाजवत होती. बाकीच्यांना मी सांगितलं, ती माझ्या तंबूत झोपलीय, आणि हा आवाज पक्ष्याचा आहे. दुसऱ्या दिवशीसुद्धा..."

"शोधपथक आलं होतं ना दुसऱ्या दिवशी?"

"कसं सांगणार? सगळं बंद झालं असतं, वहिनी. तुझंही पोट त्याच्यावरच होतं."

माझं पोट. त्यांनी नदी दाखवली, आणि जिला थांबायला सांगितलं होतं ती इथे बसून राहिली. आणि वर्षभर मी त्या म्हातारीला, माझ्या मऊ आवाजात...

मी वन्संना बायकांजवळ बसायला सांगितलं. त्यांना पहिल्यांदाच मी काही सांगत होते. मग दोरी कमरेला बांधली, दुसरं टोक झाडाला, आणि खाली उतरले.

फार लांब नव्हतं. शंभर पावलंही नसतील. दर थोड्या वेळाने मी एकदा वाजवायचे, खालून तीन यायच्या, जवळून, आणखी जवळून. शेवटच्या तीन तर माझ्या कोपराशी वाजल्या.

कड्याच्या पोटात एक उथळ कपार होती. आत पिवळा रेनकोट बसलेला होता. पाठ दगडाला, गुडघे जवळ, खाली चटई, मांडीवर सॅक, सॅकचे सगळे बंद नीट लावलेले. आम्ही शिकवतो तसं, अगदी तसंच. टोपी पुढे ओढलेली होती. टोपीच्या आत मी पाहिलं नाही. बाहीतून जे बाहेर आलं होतं ते पाहिलं, तेवढं पुरे झालं.

शिट्टी दोरीने छातीवर लोंबत होती. मी ती उचलली. कुंभारीण माशीने तिच्यात मातीचं घर केलं होतं. टणक, सुकलेली माती, तोंडापासून भोकापर्यंत. तिच्यातून वाराही गेला नसता.

मला भीती वाटली असं तुम्हाला वाटेल. मला नुसती लाज वाटत होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आलेय मी. उशीर झाला." त्यानंतर शिट्टी वाजली नाही.

धुकं चारच्या सुमाराला विरलं. बायकांना मी खाली चौकीवर आणलं. त्या एकमेकींचे हात सोडायला तयार नव्हत्या. वन्सं सगळ्यांत मागून आल्या, एकट्या. पोलिसांना सगळं मीच सांगितलं, त्यांच्यादेखत. त्यांनी एकदाही नाकारलं नाही. खटला चालू आहे. त्या कधीकधी दारापर्यंत येतात, बाहेरून "वहिनी..." म्हणतात. ज्या हाकेने मी उठून उभी राहिले होते ती हीच. मी दार उघडत नाही.

डॉक्टरांनी अहवालात लिहिलं, दोन, फार तर तीन दिवस जगली असेल. तिच्या आईला मी घरी जाऊन सांगितलं. खरं, सगळं, माझ्या वाट्याचंसुद्धा. तिने मला पाणी दिलं.

पण परवा तिचा फोन आला. पोलिसांनी तिला सामान ओळखायला बोलावलं होतं.

"रेनकोट तिचाच," म्हातारी म्हणाली. "बूटही तिचेच. पण एक विचारू का? तुम्ही तिथे होतात म्हणून."

"विचारा ना."

"सहलीला निघायच्या आदल्या संध्याकाळी तिचे केस मीच कापले होते. डोंगरात विंचरायची कटकट नको म्हणाली. अगदी मुलासारखे, मानेवर एक बट ठेवली नव्हती." "त्यांनी मला टोपीतून निघालेले केस दाखवले, ती वेणी आहे हो. खांद्यापर्यंत येईल एवढी, घट्ट घातलेली. शेवटी गवताची पात बांधलीय..."

"सुकलेली असेल," मी कशीबशी म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. "हिरवी आहे."