राणीला वीतभर माती

"याहून उंच पेटी दाखवा," मी औरंगपुऱ्यातल्या मत्स्यालयाच्या दुकानात म्हणाले, तेव्हा शेजारी माशांचं खाद्य घेणारा मुलगा खुदकन हसला.

"काय पाळताय? जिराफ?"

"कोळी. तळहाताएवढी टॅरँट्युला. घाबरलात?"

"नाय. पण बीळ करणारी असंल तर उंची कशाला? वरून पडली तर पोट फुटंल तिचं. खाली माती द्या... वीतभर तरी."

राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. माझी राणी अकरा दिवस काचेवर चढत होती, खाण्याला शिवत नव्हती. तिला काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

तो ऋतुराज. गंगापूरचा, इथं माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. "माती मी आणतो," असं दुकानातच म्हणाला होता, आणि रविवारी तो खरंच आमच्या घरी आला, खांद्यावर पोतं घेऊन.

"आमच्या रानातली काळी! खताचा कण नाय. राणीसाहेब खूश होतील."

"आणि मी?"

"तुमचं... बघू की."

किडे मरावेत म्हणून आम्ही ती माती कढईत भाजली. आईनं कपाळाला हात लावला. पेटीत माती दाबताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि दोघंही उगीचच मातीकडे बघत राहिलो.

चौथ्या दिवशी काळी वाळली. बोट जाईल एवढ्या भेगा! राणी पुन्हा काचेवर, पार झाकणापाशी. मी तिला एका बुटक्या डब्यात घेतलं आणि ऋतुराजला बोलावलं. भेगा बघून त्याचे कान लाल झाले.

"रोज लोकांची माती तपासतो मी... अन् घरच्या काळीचा एवढा गर्व!"

त्यानं वडिलांना, कडूबांना, फोन लावला. त्यांचं हसू मलाही ऐकू आलं.

"अरं येड्या, काळीत कुणी घर बांधतं व्हय? काळी पेरायला. घर पांढरीत!"

पांढरी म्हणजे गावठाणातली माती, जिच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. ऋतुराज तसाच गंगापूरच्या एसटीत बसला आणि संध्याकाळी पांढरी घेऊन परतला. आम्ही ती चाळली, भाजली, गार केली, नारळाचा भुसा मिसळला, किंचित ओलसर करून वीतभर दाबली. वर मोकळी जागा फक्त चार बोटं. कोपऱ्यात त्यानं अंगठ्यानं तिरकं भोक पाडलं.

"सुरुवात आपण करून द्यायची. पुढचं ती बघंल."

मी राणीला डब्यातून पेटीत सोडलं. ती भोकापाशी थांबली. थांबूनच राहिली... मग पुढचे पाय आत गेले. मातीचा एक गोळा बाहेर आला. दुसरा. तिसरा!

"खणली! मनस्विनी, खणली!" तो ओरडला. आई धावत आली आणि भीती विसरून टाळ्या वाजवू लागली.

"मला इथं रोज यायचंय," ऋतुराज एकदम म्हणाला.

"राणीला बघायला?"

"नाय... तुला. लई आवडतेस तू मला."

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले, आणि त्याचा मातीनं माखलेला हात घट्ट धरला. आई बघत होती. बघू दे.